पिकलेली केळी कशी वापरावीत: शिकरणीपासून हलव्यापर्यंत

महाराष्ट्रात केळी डझनाने घेण्याची पद्धत आहे आणि एका फणीतली केळी बहुधा एकदमच पिकतात. चार-पाच माणसांच्या घरात ती दोन दिवसांत संपतात. पण दोघांच्या संसारात, किंवा शिक्षण-नोकरीसाठी खोली घेऊन एकट्याने राहणाऱ्याकडे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाच-सहा केळी एकाच वेळी ठिपक्यांनी भरून जातात. सालीवर काळे दिसले की केळे खराब झाले असे समजून ती टाकून देण्याची घाई होते आणि ते मला खरोखर वाईट वाटते, कारण गोड पदार्थांसाठी केळ्याचा सर्वांत चांगला काळ नेमका तिथेच सुरू होतो. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट मनात पक्की करावी: आधी पदार्थ ठरवून मग केळी शोधू नयेत, तर हाताशी असलेली केळी किती पिकली आहेत ते पाहून पदार्थ ठरवावा.

केळी कोणती आणि किती पिकलेली

शहरातल्या गाडीवर मिळणारी लांब, जाड सालीची केळी बहुतेक जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातून किंवा सोलापूरकडून येतात. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी एकाच कुळातली वाणे असून परदेशातल्या दुकानांत मिळणारे केळेही याच कुळातले असते. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याशिवाय बोटाएवढी, पातळ सालीची वेलची केळी आणि कोकणात, वसईकडे व गोव्यात मिळणारी लांबट, घट्ट गराची राजेळी केळी घरात येतात. पाककृतीत नुसते ‘एक केळे’ लिहिलेले असते तेव्हा ते गाडीवरचे मोठे केळे समजावे. सोलल्यावर त्याचा गर साधारण १०० ते १२० ग्रॅम भरतो, म्हणून त्याच्या जागी तीन वेलची केळी धरावीत. खाली दिलेली वाटी दीडशे मिलिलिटरची, म्हणजे घरातली नेहमीची आमटीची वाटी आहे.

आता फणी समोर ठेवून केळी वेगळी करावीत. ज्यांची साल स्वच्छ पिवळी आहे आणि गर कापल्यावर चकती उभी राहते, ती फ्रूट सॅलडसाठी आणि तुपावर परतण्यासाठी घ्यावीत. ज्यांच्यावर तपकिरी ठिपके उठले आहेत, ती शिकरण आणि शिऱ्यासाठी घ्यावीत. ज्यांची साल निम्म्याहून अधिक काळी झाली आहे आणि गर बोटाने सहज दबतो, ती घारगे, बन्स, मुळीक आणि हलव्यासाठी ठेवावीत. साल फाटून पाणी गळत असेल, देठाशी बुरशी असेल, किंवा सोलल्यावर आंबूस, दारूसारखा वास येत असेल, तर मात्र ते केळे खाऊ नये.

केळे काळे होत जाताना गोड का होते, हे समजले की साखरेचा अंदाज चुकत नाही. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होत जाते आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च एक-दोन टक्केच उरतो. म्हणून एकच पदार्थ पिवळ्या केळ्यांचा केला तर साखर जास्त लागते आणि काळ्या केळ्यांचा केला तर तीच साखर डोईजड होते. पाककृतीतली साखर आधी तीन चतुर्थांशच घालावी, चव पाहावी आणि मगच उरलेली घालावी.

पिकणे लांबवायचे असेल तर केळी सफरचंद आणि टोमॅटो यांच्यापासून दूर, शक्य असल्यास टांगून ठेवावीत, कारण ही फळे पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि शेजारचे फळ त्यामुळे लवकर पिकते. याच कारणाने कच्ची केळी लवकर पिकवायची असतील तर ती तांदळाच्या डब्यात किंवा कागदी पिशवीत तोंड बंद करून ठेवतात. पिकलेली केळी फ्रीजमध्ये ठेवली तर साल एका रात्रीत काळी पडते, पण आतला गर दोन-चार दिवस जसाच्या तसा राहतो. तेव्हा त्या काळ्या सालीकडे पाहून केळे टाकू नये. हिरवट केळी मात्र फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीने त्यांचे पिकणे अडते आणि पुढे बाहेर काढूनही ती नीट पिकत नाहीत.

शिकरण

शिकरण हा मराठी घरातला सर्वांत सोपा गोड पदार्थ असला तरी तो नीट करण्याची एक रीत आहे. दोन माणसांसाठी दीड वाटी दूध तापवून पूर्ण गार करून घ्यावे, त्यात दोन चमचे साखर विरघळवावी, वेलचीची पूड आणि मिठाचा अगदी एखादा कण घालावा. हे सगळे झाल्यावर, पाने वाढली की, ठिपक्यांची दोन केळी सोलून त्यांच्या पातळ चकत्या थेट दुधात सोडाव्यात आणि त्यांतल्या चार-पाच चकत्या चमच्याच्या पाठीने कुस्करून दुधात मिसळाव्यात. एवढ्यानेच दूध दाट होते आणि पोळीच्या घासाला धरते. सगळी केळी कुस्करली तर त्याचा लगदा होतो आणि चकत्यांचा दाताखाली येणारा मऊपणा हरवतो. शिकरण करून ठेवू नये. चिरलेले केळे हवेशी येताच त्यातल्या विकरांमुळे काळवंडू लागते आणि तासाभराने दुधाचा रंग मळकट होतो. शिकरण गरम पोळीबरोबर, पोळीवर तुपाचे बोट फिरवून खावी.

आयुर्वेदाच्या परंपरेत दूध आणि केळे यांचा संयोग विरुद्ध आहारात गणला जातो. ज्या घरात हे पाळले जाते तिथे केळ्याचे घारगे किंवा पुढे दिलेला हलवा करावा; त्यांत दूध लागत नाही.

फ्रूट सॅलड आणि कस्टर्ड

पिवळी, घट्ट केळी असतील आणि पाहुणे येणार असतील तर कस्टर्ड घातलेले फ्रूट सॅलड करावे. कस्टर्डची भुकटी ही बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली, पत्नीला अंडी सोसत नसल्यामुळे, अंड्याऐवजी मक्याच्या स्टार्चवर तयार केली. शाकाहारी घरांत ती इतकी सहज रुळण्याचे कारण हेच आहे. ती उकळावी का लागते, याचेही कारण तेच: स्टार्च उकळीजवळ पोहोचल्याखेरीज फुगत नाही आणि दूध दाट होत नाही.

अर्धा लिटर दुधातले अर्धी वाटी दूध थंडच बाजूला काढावे आणि त्यात कस्टर्डचे दोन मोठे चमचे, एकही गुठळी राहणार नाही असे, कालवावे. गरम दुधात भुकटी थेट टाकू नये, कारण वरचा थर लगेच शिजून आत कोरडी पूड अडकते. उरलेल्या दुधात चार मोठे चमचे साखर घालून उकळी आणावी, आच मंद करावी आणि कालवलेले मिश्रण एका हाताने बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. दूध चमच्याच्या पाठीला चिकटून बसू लागले, तरी आणखी दोन-तीन मिनिटे शिजू द्यावे, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. गार होताना मधूनमधून ढवळावे, म्हणजे वर जाड साय धरत नाही. चव पाहिलेला चमचा पुन्हा पातेल्यात घालू नये. हा नियम केवळ उष्ट्याखरकट्याचा नाही. लाळेतले विकर स्टार्च तोडते आणि रात्रभरात सगळे कस्टर्ड पातळ होऊन जाते.

फळे कस्टर्ड पूर्ण थंड झाल्यावरच घालावीत. सफरचंद, घोलवडचे चिकू, नाशिकची द्राक्षे, सांगोल्याच्या डाळिंबाचे दाणे ही सगळी केळ्याबरोबर छान लागतात, आणि आंब्याच्या दिवसांत दुसरे काही नसले तरी चालते. केळी सर्वांत शेवटी, वाढण्याच्या आधी चिरावीत. आधी चिरणे भागच असेल तर त्यांना लिंबाच्या रसाचे थोडे थेंब चोळावेत. आंबटपणामुळे काळे पडण्याची क्रिया मंदावते. ताजा अननस, पपई आणि किवी यांना मात्र या सॅलडमध्ये जागा देऊ नये, कारण त्यांच्यातली विकरे दुधातली प्रथिने तोडतात आणि थोड्या वेळाने सगळ्या भांड्याला कडवट चव येते. अननस हवाच असेल तर साखरेच्या पाण्यात पाच-सात मिनिटे उकळून, गार करून घालावा.

याहून कमी खटपटीचे काही हवे असेल तर पिवळ्या केळ्याचे उभे दोन भाग करून तव्यावर चमचाभर तुपात दोन्ही बाजू खरपूस कराव्यात, वर चमचाभर गूळ विरघळू द्यावा आणि ओले खोबरे भुरभुरावे. राजेळी केळे असेल तर ते घट्ट राहते आणि या पदार्थाला त्याच्यासारखे दुसरे केळे नाही.

केळ्याचा शिरा

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ज्याने खाल्ला आहे त्याला केळ्याने रव्याला येणारा वास वेगळा सांगावा लागत नाही. पूजेच्या शिऱ्यात रवा, तूप आणि साखर सव्वाच्या मापाने समसमान घेतात. रोजच्या शिऱ्यासाठी एक वाटी जाडसर रवा, पाऊण वाटी साजूक तूप, पाऊण वाटी साखर, अडीच वाट्या दूध आणि ठिपक्यांची दोन केळी घ्यावीत. तूप यापेक्षा फार कमी केले तर शिरा होईल, पण तो कोरडा, घशाशी अडकणारा होईल. त्यापेक्षा शिरा थोडा करावा आणि नीट करावा.

जाड बुडाच्या कढईत तूप पातळ करून रवा घालावा आणि आच मंद ठेवावी. सुरुवातीला रवा तुपात बसून राहतो आणि उलथन्याला जड लागतो. आठ-दहा मिनिटांनी तो हलका होतो, उलथन्यावरून वाळूसारखा घसरू लागतो आणि खमंग वास सुटतो. रंग बदामी झालाच पाहिजे असे नाही; प्रसादाचा शिरा पांढराच छान दिसतो, पण वास येण्याआधी घाई करू नये. याच वेळी, दूध घालण्यापूर्वी, केळ्याच्या चकत्या रव्यात टाकाव्यात. त्या तुपात चुरचुरतात, कडेने तांबूस होतात आणि उलथन्याने दाबल्या की रव्यात विरून जातात. दोन मिनिटे रवा ओलसर होऊन त्याचे गोळे होतात. तेव्हा घाबरून दूध ओतू नये. परतत राहिले की रवा पुन्हा मोकळा होतो आणि केळ्याचा वास तुपात उतरतो. केळी शेवटी घातली तर ती शिऱ्यात वेगळी लागतात, या वेळी घातली तर शिराच केळ्याचा होतो.

दूध शेजारच्या शेगडीवर उकळते ठेवलेले असावे. ते ओतताना मोठी वाफ येते आणि रवा उसळतो, म्हणून हात लांब ठेवावा आणि दूध दोन-तीन वेळा थोडेथोडे घालावे. झाकण ठेवून तीन-चार मिनिटे रवा फुलू द्यावा. साखर त्यानंतरच घालावी, कारण आधी साखर घातली तर रवा दूध पुरेसे पीत नाही आणि कणी दाताखाली कच्ची लागते. साखर विरघळताना शिरा पुन्हा सैल होतो. झाकून आणखी एक वाफ आणली की कडेने तूप सुटलेले दिसेल. वेलची, बेदाणे, काजूचे तुकडे यावेळी घालावेत. प्रसाद असेल तर वर तुळशीपत्र ठेवावे.

घारगे, बन्स आणि मुळीक

साल काळी झालेली केळी कुस्करून पिठात मिसळण्याचे तीन प्रकार नवशिक्याने जरूर करून पाहावेत. तिघांनाही एक नियम लागू आहे: पिठात पाणी घालायचे नाही, केळ्यात मावेल तेवढेच पीठ घालायचे.

घारग्यांसाठी दोन मोठी केळी हाताने एकजीव कुस्करून त्यांत अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ विरघळू द्यावा. चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ, दोन चमचे तांदळाचे पीठ आणि एक मोठा चमचा कडकडीत तेलाचे मोहन घालून मावेल तेवढी कणीक घालावी. ती साधारण तीन वाट्या लागते. गोळा पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा. तो पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, कारण गुळाला पाणी सुटून तो सैल पडतो. घारगे पुरीपेक्षा जाड थापावेत आणि मध्यम आचेवर तळावेत. आच मोठी असेल तर गुळामुळे वरून लगेच काळे होतात आणि आत कच्चे राहतात. चांगले तळलेले घारगे दोन दिवस टिकतात आणि प्रवासात बरोबर नेता येतात.

बन्स हा मंगळूर-उडुपीकडचा पदार्थ असून कारवार आणि गोव्यातल्या हॉटेलांत सकाळी पातळ भाजीबरोबर किंवा नुसत्या चहाबरोबर मिळतो. एक मोठे केळे, दोन चमचे साखर, दोन मोठे चमचे आंबट दही, पाव चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा जिरे, मीठ आणि चमचाभर तूप एकत्र करून सुमारे दोन वाट्या मैदा मळून घ्यावा. पीठ चिकट वाटले तरी आणखी मैदा न घालता हाताला तेल लावावे. ते झाकून सहा ते आठ तास, म्हणजे रात्री मळून सकाळपर्यंत, ठेवावे. लाटताना बन्स पाव इंच तरी जाड हवेत आणि तेलात सोडल्यावर झाऱ्याने वर तेल उडवत राहावे, म्हणजे ते टम्म फुगतात. मधोमध फोडल्यावर जाळी दिसली पाहिजे.

मुळीक गोव्याच्या सारस्वत घरांत करतात. कुस्करलेल्या केळ्यात गूळ, बारीक रवा, ओले खोबरे आणि वेलची घालून अर्धा तास रवा भिजू देतात आणि बोटांनी लहान बोरांएवढे गोळे तेलात सोडतात. तळण नको असेल तर हेच मिश्रण चमचाभर दही घालून थोडे सैल करावे आणि अप्पेपात्रात तुपाचे थेंब सोडून दोन्ही बाजूंनी भाजावे. लहान मुलांच्या डब्यासाठी मला हा प्रकार तळलेल्यापेक्षाही अधिक आवडतो.

हलवा

पाच-सहा केळी एकदम काळी पडली असतील तर हलव्याला पर्याय नाही. राजेळी केळ्यांचा हलवा सर्वांत छान होतो; वसईकडे याच केळ्यांना उन्हात वाळवून सुकेळी करतात. पण गाडीवरच्या साध्या केळ्यांचाही हलवा चांगला होतो, फक्त त्यांना आटायला वेळ जास्त लागतो. वेळेची तयारी ठेवूनच हा पदार्थ करावा, कारण पाऊण तास कढईपाशी उभे राहावे लागते.

सहा केळ्यांचा गर मिक्सरमधून, पाणी न घालता, गुळगुळीत करावा. जाड कढईत दोन मोठे चमचे तूप घालून गर मध्यम आचेवर परतायला घ्यावा. पहिली दहा मिनिटे तो फक्त बुडबुडतो आणि हातावर उडतो, म्हणून लांब दांड्याचे लाकडी उलथने वापरावे. गर निम्मा आटला की पाऊण वाटी साखर आणि एक चमचा लिंबाचा रस घालावा. लिंबामुळे पुढे साखरेचे खडे धरत नाहीत. साखरेने मिश्रण पुन्हा पातळ होते आणि खरे काम इथून सुरू होते. पिवळसर रंग आधी बदामी, मग विटकरी, आणि शेवटी काळपट तांबडा होत जातो. मधूनमधून चमचाभर तूप सोडत राहावे. उलथने बुडाशी ओढल्यावर कढईचा तळ दिसून क्षणभर तसाच राहिला, गोळा कडा सोडून एकत्र फिरू लागला आणि आधी प्यालेले तूप कडेला परत दिसू लागले, की हलवा झाला. तूप लावलेल्या ताटात तो थापून, वर काजू दाबून, पूर्ण गार झाल्यावरच सुरीने वड्या पाडाव्यात. गरम असताना पाडलेल्या वड्यांना कड येत नाही. हवाबंद डब्यात हा हलवा आठवडाभर सहज राहतो.

आज वेळच नसेल तर

केळी उद्यापर्यंत थांबणार नाहीत आणि आज काही करणे शक्य नाही, अशा वेळी ती सोलून, चकत्या करून, एकमेकींना न चिकटता ताटलीत पसरून फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि घट्ट झाल्यावर पिशवीत भरावीत. सालीसकट गोठवू नयेत. साल काळी होऊन गराला चिकटते आणि नंतर सोलणे कठीण जाते. पिशवीवर तारीख लिहून ठेवली तर दोन-तीन महिन्यांत ती वापरून होतात. या चकत्या वितळल्यावर घारगे, मुळीक आणि हलवा यांना ताज्या केळ्यांइतक्याच चालतात, फक्त सुटलेले पाणी फेकून न देता पिठातच घ्यावे. शिकरण आणि फ्रूट सॅलडला त्या चालत नाहीत. न वितळवता याच चकत्या मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवल्या तर आधी चुरा होतो, मग गोळे होतात आणि दोन-तीन मिनिटांनी आइस्क्रीमसारखे मऊ, दाट मिश्रण तयार होते. त्यात कोको किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट घालून लगेच वाढावे.